आकड्यांची डोकी, आकड्यांचे पाय

६ जानेवारी

श्री. साडू यांस,

नमस्कार. बाकीचे सोपस्कार गृहीत धरावेत.

दोन वर्षांपूर्वी आपल्या मॉडेल क्लबच्या प्रदर्शनात, चारचौघांसमोर, आपण दोघांनी एकमेकांशी पुन्हा बोलणार नाही अशी शपथ घेतली. ती मी पाळतो आहे. पण लिहायला तोंड लागत नाही, तेव्हा पत्र लिहिल्याने शपथ मोडत नाही. खात्री करायची असल्यास आपल्या पत्नीला विचारावं. तिने तिच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे माझ्या घरात, फोनवर विचारून घेतलं आहे आणि दोघी बहिणींच्या मते मोडत नाही.

काम असं आहे. माझे एक शेजारी आहेत. माणूस सज्जन, पण उतारवयात त्यांना प्लास्टिकची छोटी विमानं जोडून रंगवायचा नाद लागलाय. त्यांच्याकडे घरगुती कटिंग मशीन आलं आहे. पावाच्या लादीएवढं आहे. कॉम्प्युटरवर रेघ काढली की आतलं पातं तीच रेघ कागदावर कापतं. हे आपल्याला काय सांगायचं! आपलं अर्धं आयुष्य अशाच एका मोठ्या मशीनवर दुकानांचे स्टिकर कापण्यात गेलं. त्यापायी माझ्यासारख्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरचं काय झालं, त्यात मी शिरत नाही.

शेजाऱ्यांना विमानाच्या काचेसाठी मास्क कापायचे आहेत. मी त्यांना नीट समजावलं. म्हटलं, काचेवरच्या चौकटींना रंग हवा, खिडक्यांना नको. म्हणून प्रत्येक खिडकीच्या मापाचा चिकट कागदाचा तुकडा त्या खिडकीवर बसवायचा, वरून रंग फवारायचा आणि वाळला की तुकडे सोलायचे. मी हे तुकडे कायम सुरीने, स्वतःच्या हाताने कापत आलो. त्यांनाही म्हटलं, हाताने कापा. ते म्हणाले जमत नाही. असतात काही लोक.

आता त्यांची अडचण. ते पातं पिवळा मास्किंग कागद कापतं, त्याच्या पाठीचा कागद कापतं आणि खालची चिकट मॅटसुद्धा कापतं. तेव्हा असा काही करकर आवाज होतो की शेजाऱ्यांची बायको स्वयंपाकघरातून ओरडते.

उपाय कळवावा. मला नव्हे, त्यांना. मात्र पत्ता माझाच घालावा, कारण त्यांची पत्रपेटी मोडली आहे.

अक्षर बरं आलेलं नाही. पेन नवीन आहे.

आपला,
मोठा साडू


२२ जानेवारी

साडूबुवा,

पत्र पोचलं. उपाय दोन ओळींचा आणि टोमणे पानभर, हे आपल्याला शोभतंच.

तू लिहितोस, 'तुझ्या एका बाजूला जिना आहे. दुसऱ्या बाजूला ती शिंपीण राहते, जिला गोंदाच्या वासाने शिंका येतात. मग हे शेजारी राहतात कुठे, जिन्यात?' बरं बाबा. मशीन माझ्या घरात आहे. माझं नाही, सुनेने आणलंय. म्हणाली, "बाबा, दिवसभर नुसते बसून असता, निदान काहीतरी कापत बसा." ती बँकेत आहे, तिथे रिकामं बसलेलं माणूस बघवत नाही म्हणे.

पण माझा राग त्या टोमण्यांवर नाहीच. खोकं घरी आलं त्याच दिवशी थोरलीने धाकटीला फोन करून सांगितलं होतं, हे मला काल कळलं. म्हणजे माझं पहिलं पत्र पेटीत पडायच्या आधीच तुला सगळं ठाऊक होतं. तरी तू 'आदरणीय शेजारीकाका' असा मायना घालून उत्तर लिहिलंस! हा हलकटपणा तुलाच सुचू शकतो.

(मी 'तू' वर आलो आहे. वरचं 'आपल्याला' तसंच राहू दे.)

तू सांगितलंस तसं पातं जेमतेम बाहेर ठेवलं, वेग कमी केला आणि एकाच रेघेवरून दोनदा हलकं फिरवलं. आता वरचा कागद कापतो आणि खालचा शाबूत राहतो. कोपरे कसे येतात याबद्दल मी काही बोलणार नाही. बोललो तर तू ते फ्रेम करून लावशील.

कोणतं विमान, असं विचारलंयस. तेच. आपण दोघांनी मिळून आणलेल्या, दोन बॉम्बर असलेल्या खोक्यातलं. त्या प्रदर्शनात तुझ्या मशीनने कापलेल्या मास्कवाल्या दुसऱ्याच विमानाला कप मिळाला, मी माइक घेऊन "कप मशीनला द्या" म्हणालो, आणि तू खरंच तो कप घरी नेऊन मशीनवर ठेवलास. त्यानंतर मुलीकडे राहायला जाताना तू धाकटीकरवी या खोक्याची वाटणी मागितलीस. विमानं दोन होती, एकेक घेतली. विमानाच्या अंगावर चिकटवायच्या आकड्यांचा कागद मात्र एकच होता. तो तू एका टोकाने ओढलास, मी दुसऱ्या. बरोब्बर आडवा फाटला. आकड्यांची डोकी माझ्याकडे राहिली, पाय तुझ्याबरोबर गेले. डोकी मी डबीत नीट ठेवली आहेत. तुझ्या पायांचं काय झालं देव जाणे.

अक्षर आजही हललेलं वाटेल. टेबलाचा एक पाय आखूड आहे. खाली पुठ्ठा घालतो आहे.

मोठा साडू


११ फेब्रुवारी

साडू,

हसणार नाही असं आधी कबूल कर, मग पुढे वाच.

मास्क अप्रतिम कापले गेले. बॉम्बरच्या नाकाशी ती पिंजऱ्यासारखी काच आहे ना, तिच्या सगळ्या खिडक्या कागदावर जशाच्या तशा आल्या. मी चिमटा घेतला. कापलेले तुकडे एकेक करून उचलले, चुरगळले आणि टोपलीत टाकले. मागे राहिला नुसत्या भोकांचा, जाळीसारखा कागद. तो मोठ्या मायेने काचेवर बसवला. थोरलीलाही हाताशी घेतलं होतं. एक सुरकुती पडू दिली नाही. हिरवा रंग फवारला. वाळू दिला. कागद सोलला.

चौकटी आरपार स्वच्छ. खिडक्या सगळ्या हिरव्यागार.

थोरलीने चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, "पडदे ओढलेत का? आत कोणी झोपलंय?" सून म्हणाली, "बाबा, हे असंच असतं का?" मी छाती पुढे काढून हो म्हणालो. तिने मोबाइलवर खऱ्या विमानाचा फोटो शोधला, माझ्यासमोर धरला आणि आत निघून गेली. मुलगी चांगली आहे.

आता तू विचारशील, एवढा मुरलेला माणूस असं कसं करतो? सांगतो. जन्मभर मी स्टेन्सिल कापली. अक्षर कापायचं, अक्षर फेकायचं, भोक जपायचं आणि भोकातून रंग मारायचा. सुरीने खिडकीचा एकेक सुटा तुकडा कापायचो तेव्हा प्रश्न नव्हता, कारण फेकायला काही उरायचंच नाही. पण मशीनने अख्खा कागद कापून समोर ठेवला आणि बोटं आपल्या जुन्या धंद्याला लागली. डोकं कुठे होतं ते विचारू नकोस.

तुझ्या हातून हे कधीच झालं नसतं. तू स्टिकरवाला. अक्षर ठेवायचं आणि भोक फेकायचं.

तुझं दुकान नवं होतं तेव्हाचं आठवलं. तुझी कचऱ्याची टोपली म्हणजे माझं स्टेन्सिलचं कपाट होतं. एकाच कागदातली अक्षरं तू दुकानाच्या काचेवर चिकटवायचास आणि त्याच कागदाच्या भोकांतून मी त्या दुकानाच्या शटरवर रंग मारायचो. मालकाला वाटायचं, दोन्हीकडे एकाच हाताचं काम आहे. संध्याकाळी तुझ्या दाराशी येऊन मी म्हणायचो, "अक्षरं तू ठेव, उरलेलं मला दे." पुढे सगळ्यांना शटरवरही स्टिकरच हवे झाले, ती गोष्ट वेगळी. पण ते दिवस मला फार आवडायचे. हे वाक्य लिहून गेलो. खोडत नाही, खोडलं की पान घाण दिसतं.

हिरवा रंग कशाने उतरवू ते कळव.

अक्षराचं म्हणशील तर बोटांना रंग लागलाय.

मोठा साडू


१९ फेब्रुवारी

साडू,

तू हसलास, धाकटी हसली आणि तुझ्या मुलीने तो किस्सा तिच्या ऑफिसात सांगितला. ठीक आहे. वाचताना मलाही थोडं हसू आलं.

पण खाली तू जे विचारलंस ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. 'चुकलं तर चुकलं. तू असल्या काचेच्या खिडक्या दुपारच्या चहाच्या आत सुरीने कापणारा माणूस. पुन्हा हाताने का नाही कापल्यास? आणि तुझी तिन्ही पत्रं मी शेजारी शेजारी ठेवली आहेत. नवीन पेन, आखूड टेबल, हिरवी बोटं. गावातली निम्मी दुकानं ज्याच्या अक्षराने ओळखली जायची, त्याची रेघ अशी हलते का? खरं काय ते लिही.'

लिहितो. उजवा हात थरथरतो. गेल्या वर्षापासून. डॉक्टर म्हणतात मोठा आजार नाही, काहींना या वयात होतं, आता ते सोबतच राहणार. चहाचा कप अर्धाच भरत जा म्हणाले. याला सल्ला म्हणतात. सुरी खिडकीच्या कोपऱ्याशी नेली की ती कोपऱ्याच्या आजूबाजूला हिंडते, कोपऱ्यावर टेकत नाही. पाट्या रंगवताना हात टेकवायची जुनी काठी माळ्यावरून काढली, तर तीही माझ्याबरोबर हलायला लागली.

म्हणून सुनेने मशीन आणलं. बसून असतो वगैरे ती बाहेर सांगायची गोष्ट.

थोरलीला सगळं ठाऊक आहे. धाकटीला सांगू नकोस, असं मी तिला विनवलं होतं, आणि तिने खरोखर नाही सांगितलं. बहिणीपासून लपवलेली तिची ही आयुष्यातली पहिली गोष्ट असेल. तिला ते किती जड जातंय ते मी रोज बघतो. फोन ठेवला की ती उगाच भांडी घासायला घेते.

मनाशी ठरवलं आहे, हे विमान पुरं करायचं. हात त्यातही लाज काढणार असेल तर टेबल आवरायचं. क्लबचा सेक्रेटरी, आपला भिंग, येऊन माझी सगळी खोकी बघून गेला. खिशातून भिंग काढून खोक्यांवरची चित्रंसुद्धा तपासली त्याने. म्हणाला, "नव्या सभासदांना उपयोग होईल." मी चहा दिला, खोकी दिली नाहीत. तो पुढच्या महिन्यात परत येणार आहे.

मला भीती वाटते, साडू. विमानाचं काय, एक बिघडलं तर बिघडलं. पण सकाळी उठून त्या टेबलाशी जायचं नसेल तर मी जायचं कुठे?

आता धाकटीला सांगितलंस तरी चालेल. थोरलीची भांडी तरी वाचतील.

तुझा,
मोठा साडू


८ मार्च

साडू,

एवढं लिहिलं आणि तुझं उत्तर नाही. त्याऐवजी आमच्या घरात जे सुरू झालं ते तुला ठाऊक आहे, तरी माझ्या बाजूने लिहितो.

धाकटीचा फोन आला. थोरली आधी पोटभर रडली, मग तिने डोळे पुसले, फोन स्पीकरवर टाकून माझ्या टेबलावर ठेवला, माझी खुर्ची ओढून घेतली आणि माझा चिमटा उचलला. मला म्हणाली, "तुम्ही जरा बाजूला बसा." माझ्या टेबलावर, मला! तू सांगितलेल्या काच पुसायच्या निळ्या पाण्यात बुडवून मी हिरवा रंग उतरवला होता. मशीनवर नवे मास्क कापून ठेवले होते. तिने या वेळी तुकडे घेतले आणि एकेक खिडकीवर बसवायला लागली. तुकडे टोपलीत जाऊ नयेत म्हणून टोपली उचलून बाल्कनीत नेऊन ठेवली होती.

तेवढ्यात फोनमधून धाकटीचा आवाज आला, "ताई, तुझी वरची रांग झाली का? माझा कोपऱ्यातला तुकडा सारखा निसटतोय."

म्हणजे तिकडेही तेच! तुझं विमान तू दोन वर्षं उघडलंच नव्हतंस, हे मला धाकटीकडून कळलं. तुझी बोटं जाडी आहेत, तुला वीतभर अक्षरांची सवय, एवढासा तुकडा तुला कधीच धड बसवता यायचा नाही आणि मागच्या वेळी कप मिळालेल्या विमानाचेही तिनेच बसवले होते, हेही तिनेच सांगितलं. आता कापायचं मशीनने, बसवायचं धाकटीने आणि कप घ्यायचा तू. पुढच्या प्रदर्शनात मी हे माइकवर विचारणार आहे.

दोघींनी मिळून सगळ्या खिडक्या झाकल्या. मध्ये तुझ्या मुलीची बदली, शिंपिणीचं नवं कुत्रं आणि आपल्या दोघांचे स्वभाव असे तीन विषय झाले. तिसऱ्या विषयाला सर्वांत जास्त वेळ लागला. मी समोर बसून ऐकलं. रंग मात्र मीच फवारला. फवाऱ्याला हात हललेला चालतो. तुकडे सोलल्यावर खिडक्या अशा चकचकीत निघाल्या की आतला वैमानिक माझ्याकडे बघतोय असं वाटलं.

राहिला होता आकडा. माझ्याकडे नुसती डोकी. असला आकडा हाताने रंगवणं म्हणजे एकेकाळी माझ्या डाव्या हाताचा मळ. आता उजव्याचाही भरवसा नाही. म्हटलं, आकड्याशिवायच ठेवू.

आणि काल तुझं पाकीट आलं. आत पत्र नाही, चिठ्ठी नाही. एक पिवळा चिकट कागद, त्यात दोन आकड्यांच्या आकाराची भोकं. आकडे गायब. माझं डोकंच फिरलं. माणूस जिवाचं दुःख लिहून पाठवतो आणि साडू त्याला टोपलीतला कचरा पाठवतो! मी घरभर बडबडत फिरलो. तुझं कूळ काढलं, मग ते थोरलीच्या माहेरापर्यंत जायला लागलं तेव्हा थांबलो.

थोरलीने कागद उजेडात धरला आणि म्हणाली, "भोकंच आहेत ना? मग ते तुमचंच आहे."

मी तडक माळ्याकडे गेलो.

कागद विमानाच्या अंगावर थोरलीने बसवला. पाट्यांच्या वेळचा आखूड, राठ केसांचा कुंचा मी शोधून काढला. पांढरा रंग अगदी कोरडा घेतला आणि भोकांवर ठोकायला लागलो. साडू, तुला आठवतं का, स्टेन्सिलवर कुंचा ओढायचा नसतो, ठोकायचा असतो. ठोकायला हात स्थिर लागत नाही. हलताच लागतो. माझा हात आपणहून हलत होता. मी नुसता कुंचा धरून बसलो, बाकीचं त्याने केलं. गेल्या वर्षभरात तो पहिल्यांदा माझ्या बाजूने हलला.

कागद सोलला. आकडा उभा राहिला. डोकं, पोट, पाय, सगळं जागच्या जागी आणि कड अशी कोरीव की भिंगाने भिंग लावून बघावं.

थोरलीने विचारलं, "रडताय का?" मी हो म्हणालो.

मोठा साडू


१५ मार्च

प्रिय साडू,

फोटो मिळाला. तुझ्या विमानावर तू आधी पांढरा रंग दिलास, त्यावर आकडे चिकटवलेस, मग हिरवा फवारलास आणि आकडे सोलून काढलेस. तू आकड्यांनी झाकलंस, मी भोकांतून भरलं. दोन्ही फोटो सुनेने मोबाइलवर एकावर एक ठेवून बघितले. केसाचाही फरक नाही. ती म्हणाली, "बाबा, हे एकाच हाताचं वाटतं." मी म्हटलं, शटरवालेही असंच म्हणायचे.

भिंग आला होता, खोकी न्यायला. त्याला दोन्ही फोटो दाखवले आणि सांगितलं की यंदा दोन्ही विमानं एकाच फळीवर, एकच प्रवेशिका म्हणून मांडणार. त्याने खिशातून भिंग काढलं, बराच वेळ शोधलं आणि शेवटी त्याला चूक सापडली. म्हणाला, "एकाच तुकडीत दोन विमानांवर एकच आकडा कसा?" मी म्हटलं, "ते साडू आहेत." यावर नियमावलीत काही नाही, त्यामुळे त्याने भिंग परत खिशात घातलं. खोकी इथेच आहेत.

आता कपाचं. कप मशीनचा, हे मी भर सभेत म्हणालो होतो आणि तो शब्द मागे घेत नाही. पण तुझं मशीन आणि माझं मशीन एकाच कंपनीचं निघालं. थोरली म्हणते, दोन्ही एकाच घरातून आलेली, म्हणजे तुम्ही आता दोन्हीकडून साडू. तेव्हा त्या कपावर माझ्या मशीनचाही हक्क पोचतो. येताना घेऊन ये. आणि प्रदर्शनात आपण बोलायचं की नाही ते दोघी बहिणी ठरवतील. माइक मात्र कोणाच्याच हातात द्यायचा नाही, असं त्यांचं ठरलंय.

आकड्यांची डोकी यासोबत पाठवतो आहे. आता त्यांचा उपयोग काही नाही. तुझे पाय अजून असतील तर लावून बघ, जमतात का.

अक्षर हललेलं आहे. हात थरथरतो, त्यामुळे.

टेबल आवरलेलं नाही. पुढचं खोकं काल उघडलं, त्यातही दोन विमानं आहेत. एक तुला पाठवतो. मास्क कापायला बसशील तेव्हा टोपली जवळ ठेवू नकोस. आकडे तू ठेव, उरलेलं मला पाठव.

तुझा,
साडू